दोन सीटच्या छोट्या स्पोर्ट्स कारचा सीट बेल्ट: कसा जपायचा, कधी बदलायचा

जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार घ्यायला निघालेला माणूस बॉनेट उघडून इंजिनचा आवाज ऐकतो, टायरची नक्षी बघतो, छप्पर उघडून-मिटवून बघतो, रंगावरून हात फिरवतो. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याची शेवटची वीतभर लांबी बघणारा गिऱ्हाईक क्वचितच भेटतो. आमच्या गॅरेजात मी बेल्ट बदला म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, "मामा, बेल्ट तर चांगला दिसायलाय की, मग कशाला बदलायचा?"

हा लेख त्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे. ब्रेक खराब झाला की पॅडल सांगतं, बेअरिंग गेलं की आवाज येतो. बेल्ट मात्र निकामी झालेला असला तरी रोज गुमान बाहेर येतो, बक्कलमध्ये बसतो, टक् असा आवाजही करतो. त्याची परीक्षा एकदाच होते. म्हणून तो नुसत्या दिसण्यावरून पारखता येत नाही. त्याचं वय काय, तो उन्हात किती राहिला आणि त्याने आधी कधी अपघात झेलला आहे का, हे बघावं लागतं.

मराठवाड्यात अशा गाड्या तशा थोड्याच. पण हौस कमी नाही. २०१० साली आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, लोकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. आता शेंद्रा-वाळूजचे तरुण उद्योजक, डॉक्टर, बांधकामवाले पुण्या-मुंबईहून वापरलेल्या दोन सीटच्या गाड्या आणतात, रविवारी पहाटे म्हैसमाळला नाहीतर कन्नडच्या औट्रम घाटाकडे घेऊन जातात. आणि समृद्धी महामार्ग आल्यापासून जालन्याहून चढलं की १२० ची मर्यादा कायद्यानेच दिलेली आहे. वेग वाढला, गाडी लहान, आणि पट्टा मात्र कधी कधी पंचवीस वर्षांचा.

पट्टा नेमकं काय करतो

५० किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी एखाद्या भक्कम गोष्टीवर आदळली की गाडी थांबते, आतला माणूस थांबत नाही. काहीतरी अडवेपर्यंत तो त्याच वेगाने पुढे जात राहतो. ५० चा वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. साधारण १० मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून, पडलेला माणूस जमिनीला टेकतो तो याच वेगाने.

आता ७० किलो वजनाचा माणूस या वेगातून अर्ध्या मीटरात थांबवायचा असेल, तर त्याच्या अंगावर सरासरी तेराशे ते चौदाशे किलोचा जोर येतो. हा अर्धा मीटर मिळतो तो गाडीचं नाक चेपल्यामुळे आणि पट्टा थोडा ताणल्यामुळे. पट्टाच नसेल तर माणूस स्टिअरिंगवर किंवा काचेवर आदळून काही सेंटीमीटरांतच थांबतो, आणि जोर त्याच प्रमाणात कित्येक पटींनी वाढतो. हाताने धरून ठेवू, पाय रोवून बसू, हे म्हणणं या आकड्यांपुढे टिकत नाही.

तीन ठिकाणी अडकवलेला आजचा पट्टा नील्स बोलिन या स्वीडिश इंजिनिअरने १९५९ मध्ये व्होल्वोसाठी तयार केला. त्याआधी तो साब कंपनीत लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करत होता, त्यामुळे माणसाच्या शरीराने कुठे जोर सोसायचा हे त्याला पक्कं ठाऊक होतं. खालचा पट्टा कमरेच्या हाडांवर आणि वरचा गळपट्टीच्या हाडावरून छातीच्या पिंजऱ्यावर, असा त्याने जोर हाडांवर टाकला आणि पोट मोकळं ठेवलं. व्होल्वोने त्याचं पेटंट इतर कंपन्यांनाही वापरायला मोकळं केलं. पोटावर घेतलेला किंवा पीळ पडलेला पट्टा हे सगळं शहाणपण वाया घालवतो.

छोट्या गाडीच्या बाबतीत आणखी एक हिशेब डोक्यात ठेवायला हवा. १,००० किलोची स्पोर्ट्स कार आणि २,००० किलोची मोठी एसयूव्ही, दोन्ही ५० च्या वेगाने समोरासमोर आदळल्या आणि एकमेकींत अडकल्या असं धरा. दोन्ही मिळून एसयूव्हीच्या दिशेने साधारण १७ च्या वेगाने सरकतील. म्हणजे एसयूव्हीतल्या माणसाचा वेग ३३ ने बदलला, छोट्या गाडीतल्या माणसाचा ६७ ने. दुप्पट वेग म्हणजे चौपट ऊर्जा. अपघात एकच, पण छोट्या गाडीच्या पट्ट्याला काम चौपट. त्यामुळे 'गाडी छोटी आहे, साधाच बेल्ट टाकून द्या' असं कोणी म्हणालं की मला तिथेच थांबवावं लागतं.

आपल्या भागाला हे दुःख माहीत आहे. ३ जून २०१४ ला दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे मागच्या सीटवर बसलेले असताना त्यांच्या गाडीला धडक बसली आणि ते गेले. तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी त्यानंतर जाहीरपणे सांगितलं, की पट्टा लावलेला असता तर त्यांचा जीव वाचला असता. परळीपासून बीडपर्यंत घराघरात ती बातमी पोचली. पट्ट्याची सवय मात्र त्या मानाने फार हळू पोचते आहे.

डबीच्या आत

पट्टा म्हणजे नुसती कापडी पट्टी नाही. पट्टी, ती गुंडाळून घेणारी डबी म्हणजे रिट्रॅक्टर, खांद्यावरची कडी, बक्कल, आणि हे सगळं गाडीच्या पत्र्याला धरून ठेवणारे बोल्ट, असा तो पाच भागांचा संच आहे. यातला एक भाग कच्चा असेल तर उरलेले चार काही करू शकत नाहीत.

पट्टी पॉलिएस्टरची विणलेली असते, साधारण ४६ ते ५० मिलिमीटर रुंद. युरोपच्या नियमाप्रमाणे ती तुटण्याआधी किमान १४.७ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दीड हजार किलोचा जोर सोसलाच पाहिजे. नवीन असताना हे आरामात होतं. उन्हाने, घासण्याने, एखाद्या चिरेने ही ताकद हळूहळू उतरते, आणि कडेला पडलेली छोटीशी चीर तर पट्टीला तिथूनच फाटायची वाट दाखवते.

खरी हुशारी डबीत आहे. आत एक गुंडाळीची स्प्रिंग असते, ती पट्टी परत ओढून घेते. तिच्याबरोबर दोन वेगवेगळ्या कुलपांची सोय असते. पहिलं कुलूप गाडीच्या हालचालीवर चालतं: एका वाटीत पोलादी गोळी ठेवलेली असते. गाडी एकदम मंदावली किंवा कलली, की गोळी वाटीत वर चढते, वरची दांडी उचलते आणि ती दांडी दात्यांच्या चाकात अडकते. दुसरं कुलूप पट्टीच्या ओढीवर चालतं: पट्टी हळू ओढली तर येते, हिसका दिला तर आतली चकती मागे राहते आणि रीळ अडकतं. दोन्हींना वीज लागत नाही. बॅटरी उतरलेली असली तरी ही कुलपं काम करतात.

गोळीचं हे कुलूप समजून घेतलं की स्पोर्ट्स कारमधल्या निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो. युरोपच्या नियमानुसार अशी डबी तिच्या ठरलेल्या स्थितीपासून १२ अंशांपर्यंत कलली तर अडकता कामा नये, आणि २७ अंशांच्या पुढे कलली तर अडकलीच पाहिजे. आता साध्या सेडानमध्ये डबी दरवाज्यामागच्या खांबात उभी बसते. उघड्या छपराच्या दोन सीटच्या गाडीत तो खांबच वरपर्यंत नसतो, म्हणून डबी सीटच्या मागे, कधी आडवी, कधी तिरकी बसवलेली असते आणि तिच्यातली गोळीची वाटी त्याच कोनासाठी केलेली असते. दुसऱ्या गाडीची डबी आणून तिथे आवळली की एकतर पट्टी बाहेरच येत नाही, किंवा येते पण वेळेला अडकत नाही. पहिला प्रकार बरा, निदान कळतो. दुसरा प्रकार ओढून बघितलं तरी कळत नाही, कारण हिसक्याचं कुलूप तेव्हाही चालतं आणि माणसाला वाटतं सगळं ठीक आहे.

याच कारणाने नवी डबी हातात घेऊन टेबलावर पट्टी ओढून बघू नका. ती अडकलेलीच वाटेल. आधी तिच्या जागेवर, तिच्या कोनात बसवा, मग ओढा. नवीन आलेला चांगला बेल्ट 'डिफेक्टिव्ह' म्हणून परत पाठवलेला मी पाहिला आहे.

गेल्या पंचवीसेक वर्षांतल्या बऱ्याच गाड्यांत याच्या पुढची दोन यंत्रं असतात. एक प्रीटेन्शनर: धडक बसताक्षणी त्यातली बारीक दारू पेटते आणि सेकंदाच्या काही हजाराव्या भागांत पट्टीतला सैलपणा ओढून घेते. दुसरा लोड लिमिटर: रिळाच्या आतला पोलादी दांडा ठरलेल्या जोराला पिळतो आणि पट्टी थोडी सोडतो, म्हणजे बरगड्या वाचतात. दोन्ही एकदाच वापरायची. पिळलेला दांडा परत सरळ होत नाही, आणि बाहेरून तो पिळला आहे हे दिसतही नाही.

भंगारातला बेल्ट का घ्यायचा नाही, याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. तोडायला आलेल्या गाड्यांत अपघाताच्या गाड्या बऱ्याच असतात. त्या गाडीतला धुऊन पुसून ठेवलेला बेल्ट नव्यासारखा दिसू शकतो.

ऊन, धूळ आणि मुंबईचा गंज

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो. बंद काचांच्या गाडीत आतलं तापमान त्याहून कितीतरी जास्त. छप्पर उघडं ठेवलेल्या गाडीत तर पट्टीवर थेट ऊन पडतं, आणि पॉलिएस्टरला नुसत्या उष्णतेपेक्षा सूर्याच्या अतिनील किरणांनी जास्त इजा होते. खांद्यावरचा भाग सतत उन्हात राहतो. डबीत गुंडाळलेला भाग मात्र तसाच काळा राहतो. म्हणून पट्टी पूर्ण बाहेर ओढून दोन्ही भाग शेजारी धरा. रंगात स्पष्ट फरक दिसला, वरचा भाग तपकिरी-राखाडी आणि कडक, वाकवल्यावर पावडर सुटल्यासारखा वाटला, तर तो बेल्ट बदलायचा. त्यात वाद घालण्यासारखं काही उरत नाही.

ऊन बक्कललाही सोडत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत ताकाता कंपनीचे पट्टे असलेल्या, १९८६ ते १९९१ या काळातल्या ८० लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या गेल्या. बक्कलवरचं लाल बटण उन्हाने ठिसूळ होऊन त्याचे कपचे आत पडत होते आणि बक्कल नीट बंद होत नव्हतं, किंवा बंद झाल्यासारखं वाटून सुटत होतं. बटणावर चिरा दिसल्या की बक्कल बदला. फेविक्विकने चिकटवलेलं बटण चालणार नाही.

धुळीचा त्रास वेगळा. आपल्या काळ्या मातीची बारीक धूळ, अंगाचा घाम आणि केसाचं तेल यांचा चिकट थर खांद्यावरच्या कडीवर बसतो. पट्टी मग हळू परत जाते, बाहेरच लोंबकळते, आणि दरवाजा तिच्यावर बंद होतो. दोन दरवाज्यांच्या गाड्यांचे दरवाजे लांब आणि जड असतात. लॉकच्या जिभेखाली सापडलेली पट्टी कडेला कापली जाते. बेल्ट परत जात नाही म्हणून स्प्रिंग दोषी धरण्याआधी कडी पुसून बघा. स्वच्छ फडकं साबणाच्या पाण्यात पिळून कडीच्या आतून फिरवलं, की बहुतेक वेळा तेवढ्यावर काम भागतं.

छपराच्या कापडावरचं पाणी जाण्यासाठी उघड्या छपराच्या गाड्यांत बारीक नळ्या ठेवलेल्या असतात. त्यात धूळ आणि कडुनिंबाची पानं अडकली की पहिल्या मोठ्या पावसात पाणी उलटं फिरतं आणि सीटमागच्या कप्प्यात, नेमकं रिट्रॅक्टरच्या अंगावर साचतं. मृगाच्या आधी या नळ्या मोकळ्या करणं हे बेल्टच्या देखभालीचंच काम आहे.

पावसाळ्यात शेतावरच्या शेडमध्ये गाडी उभी ठेवणाऱ्यांनी उंदरांचंही बघावं. वायर कुरतडली की गाडी सुरू होत नाही, ते लगेच कळतं. डबीच्या तोंडाशी कुरतडलेली पट्टी कळत नाही.

आणि मुंबईहून आणलेली गाडी. आपली हवा कोरडी, त्यामुळे गंज बघायची आपल्या लोकांना सवयच नाही. समुद्राकाठी दहा-पंधरा वर्षं राहिलेल्या गाडीचा तळाचा पत्रा आणि दरवाज्याखालची पेटी आतून कुजलेली असू शकते, आणि पट्ट्याचा खालचा बोल्ट नेमका तिथेच असतो. मॅट उचलून बोल्टच्या भोवतीचा पत्रा जाड पेचकसाच्या मुठीने ठोकून बघा. भसभसा आवाज आला किंवा पापुद्रे सुटले, तर बेल्टआधी पत्र्याचं काम. कुजलेल्या पत्र्यात जगातला सगळ्यात चांगला बेल्ट बसवला तरी तो बोल्टसकट उपसून येईल.

१९९० च्या दशकाच्या अखेरीला गोव्यात तयार झालेल्या सॅन स्टॉर्मसारख्या गाड्यांची बॉडी फायबरची होती. अशा गाडीत बोल्ट नेहमी आतल्या पोलादी सांगाड्याला, कंपनीने दिलेल्या जागीच धरलेला हवा. फायबरला नवीन भोक पाडून मागे वॉशर लावणं म्हणजे बेल्ट न लावण्यासारखंच.

वर्षातून दोनदा तपासणी

उन्हाळा संपताना आणि दिवाळीच्या आसपास एकदा, एवढं पुरे. पट्टी शेवटपर्यंत बाहेर काढा आणि दोन्ही कडा चिमटीतून सरकवत न्या. चीर, निघालेले धागे, जळाल्याचा डाग, गाठ, फुगवटा बोटांना डोळ्यांआधी लागतो. कडीजवळच्या भागात पट्टीवर वितळल्यासारखी चकाकी किंवा कडीचं प्लास्टिक फासल्यासारखं दिसलं, तर तो पट्टा एका धडकेत ताणला गेलेला आहे. विकणारा काहीही सांगो. शिवण बघा: काही पट्ट्यांत मुद्दाम दुमडून शिवलेला भाग असतो, तो जोराने उसवावा म्हणूनच शिवलेला असतो. उसवलेला दिसला तर पट्ट्याचं काम होऊन गेलं आहे. तो परत शिवायचा नाही.

मग हिसका द्या. दहा वेळा दिला तर दहाही वेळा अडकला पाहिजे. त्यानंतर मोकळ्या मैदानात, मागेपुढे कोणी नसताना, १५-२० च्या वेगात जोरात ब्रेक मारा आणि बघा गोळीचं कुलूप लागतं का. कोरड्या जमिनीवर असा ब्रेक त्या कुलपाला भरपूर होतो. हे करताना पट्टी हाताने खेचू नका, नाहीतर कोणतं कुलूप लागलं ते समजणार नाही, आणि छाती स्टिअरिंगपासून लांब ठेवा.

बक्कल टक् असं एकदाच वाजलं पाहिजे, ओढून सुटता कामा नये, आणि बटण दाबलं की जीभ आपोआप वर उडाली पाहिजे. आत नाणं, शेंगदाण्याची टरफलं, लहान मुलांनी टाकलेली टिकली, काहीही सापडतं. हवेच्या प्रेशरने उडवा. तेल, ग्रीस, गंज सोडवणारा स्प्रे बक्कलमध्ये किंवा डबीत कधीही मारू नका. आज मोकळं वाटतं, महिन्याभरात त्याच तेलावर धूळ बसून घट्ट होतं.

धुवायचं झालं तर कोमट पाणी, अंगाचा सौम्य साबण आणि मऊ ब्रश. पट्टी पूर्ण बाहेर काढून डबीच्या तोंडाशी चिमटा लावायचा, म्हणजे ओली आत जाणार नाही. सावलीत पूर्ण वाळू द्यायची, त्याला आख्खा दिवस लागला तरी लागू द्या. ब्लीच, डागांची औषधं, रंग, शूपॉलिश यातलं काही नाही. फिकट पट्टी काळी रंगवून देणारे लोक बाजारात आहेत. त्या रंगाने धाग्याला इजा होऊ शकते आणि आतली खरी अवस्था लपते, हे त्याहून वाईट.

बदलताना

शक्य असेल तर पूर्ण संच, त्याच मॉडेलचा, त्याच बाजूचा, कंपनीचाच. डावा-उजवा बेल्ट वेगळा असतो, कारण डबीचा कोन उलटा असतो. बाहेरच्या कंपनीचा घ्यायचा असेल तर पट्टीच्या टोकाला शिवलेलं लेबल वाचा. त्यावर तयार झाल्याची तारीख आणि मान्यतेची खूण हवी: युरोपची असेल तर गोलात ई अक्षर आणि जवळ १६ क्रमांकाच्या नियमाचा उल्लेख, आपल्याकडची असेल तर भारतीय मानकाचा. लेबलच नसेल तर भाव कितीही चांगला असो, घेऊ नका.

जुन्या, दुर्मीळ गाडीला बेल्ट मिळतच नाही, मग आमच्या सीट कव्हरवाल्याकडून नवीन पट्टी शिवून घेऊ का, असं विचारतात. नाही. त्या शिवणीचा दोरा, टाक्यांची संख्या आणि आकार हे सगळं चाचणीने ठरलेलं असतं. कव्हर उत्तम शिवणारा कारागीर या कामात दोषी नाही, पण त्याच्याकडे ते मशीन नाही आणि तोडून बघायची सोयही नाही. अशा गाडीसाठी परदेशातून मान्यता असलेला, तुमच्या गाडीच्या कोनासाठी बनवलेला संच मागवणं महाग पडतं, पण रस्ता तोच आहे. अगदी जुन्या गाडीत डबी नसलेला साधा, अंगाच्या मापाने आवळायचा बेल्ट मुळातच असेल, तर तोही चांगला असतो. फक्त प्रत्येक वेळी आवळून बसायची शिस्त हवी.

काम सुरू करताना गाडीत एअरबॅग किंवा प्रीटेन्शनर असेल तर आधी चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबा. यंत्रणेत साठलेला करंट उतरायला तो वेळ लागतो. प्रीटेन्शनरची वायर बहुधा पिवळ्या कनेक्टरची असते. तिच्यावर मल्टिमीटर लावून ओहम मोजायचे नाहीत. मीटरचा बारीक करंटही ती दारू पेटवू शकतो. डबीवर हातोडी नको, वेल्डिंग जवळपास नको. डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा घालवायला त्या कनेक्टरमध्ये रेझिस्टर खोचून देणारे मेकॅनिक आहेत. दिवा विझतो, यंत्रणा बंदच राहते, आणि पुढच्या मालकाला ते कधीच कळत नाही. ज्याला या यंत्रणेची सवय नाही त्याने हे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरवरच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बोल्ट हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. बऱ्याच गाड्यांत तो ७/१६ इंचाचा, इंचाला २० आट्यांचा, मजबूत पोलादाचा असतो. व्यास ११.१ मिलिमीटर. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा १२ चा बोल्ट त्यात दोन आटे जातो, मग पान्याने रेटला की नटाचे आटे मरतात आणि वरून सगळं घट्ट वाटतं. नवीन बोल्ट आधी हाताने पाच-सहा आटे सहज फिरला पाहिजे, मगच टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना. किती न्यूटन-मीटर ते मॅन्युअलमध्ये गाडीप्रमाणे दिलेलं असतं. वाळूजच्या कारखान्यात रोज टॉर्क रेंच वापरणारी आपली पोरं आपल्याच गाडीवर 'हाताचा अंदाज' चालवतात, ते थांबायला हवं. बोल्टवरच्या वॉशर आणि बुशचा क्रम उघडताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तो क्रम चुकला तर पट्ट्याचं टोक फिरत नाही आणि पट्टीला पीळ पडतो.

बसवल्यावर सीट पूर्ण मागे, पूर्ण पुढे घेऊन बघा. दोन सीटच्या गाडीत पट्टी बहुधा सीटच्या खांद्यावरच्या प्लास्टिकच्या कडीतून जाते. ती कडी तुटली असेल तर पट्टी दंडावर घसरते किंवा मानेला घासते. मागचा बिंदू खांद्याच्या फार खाली असेल तर धडकेत पट्टा खांदा खाली दाबतो आणि मणक्यावर भार येतो, म्हणून उंच माणसाने या कडीची उंची बघूनच गाडी घ्यावी. आणि सीट आरामखुर्चीसारखी मागे टाकून चालवू नका. तशा बसण्यात कंबर पट्ट्याखालून पुढे सरकते आणि पट्टा पोटात रुततो.

रेसचा हार्नेस रस्त्यावर?

लाल-निळा, चार टोकांचा हार्नेस छान दिसतो, हे खरं. रस्त्यावरच्या गाडीसाठी मी तो लावून देत नाही. छातीवरचे दोन पट्टे मधलं बक्कल वर ओढतात, आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा नसेल तर कमरेचा पट्टा पोटावर चढतो. रेसिंगमध्ये त्याच्याबरोबर हेल्मेट, मान धरणारं उपकरण, रोलकेज म्हणजे माणसाभोवतीचा पोलादी पिंजरा, आणि खास सीट असते. छप्पर उघडं आणि डोक्यामागे पोलादी कमान म्हणजे रोलबार नाही, अशा गाडीत माणसाला सरळ बांधून ठेवलं आणि गाडी उलटली, तर डोकं खाली घ्यायलाही जागा राहत नाही. शिवाय रेसच्या हार्नेसला मुदत असते. मोटार रेसिंगची जागतिक संघटना एफआयए, तिच्या लेबलवर वैधता संपण्याचं साल छापलेलं असतं, अमेरिकेच्या एसएफआय १६.१ मानकाचे तर दोनच वर्षांनी बदलायचे असतात. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच हार्नेसवर यातलं काहीच लेबल नसतं.

बीप थांबवण्यासाठी बक्कलमध्ये खोचायच्या खोट्या क्लिपही अशाच ऑनलाइन विकल्या जायच्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये पाच विक्री संकेतस्थळांना त्या काढायला लावल्या. १३,११८ जाहिराती उतरल्या. जुनी गाडी घेताना अशी क्लिप खोचलेली दिसली, तर ती काढून मूळ बक्कल नीट चालतं का ते बघा. बऱ्याचदा ती क्लिप बिघडलेलं बक्कल झाकायला असते.

काढलेल्या बेल्टचं काय करायचं

नवा बेल्ट बसला की जुना तसाच भंगारवाल्याला देऊ नका. पट्टी कात्रीने दोन-तीन ठिकाणी कापा, बक्कलच्या बाजूचा पट्टाही कापा. आख्खा दिला तर तो पुसून-रंगवून दुसऱ्या कोणाच्या गाडीत जाईल. न फुटलेला प्रीटेन्शनर असलेली डबी मात्र कापायची नाही, उघडायची नाही आणि भंगारात तर मुळीच टाकायची नाही. भट्टीत किंवा गॅस कटरखाली ती फुटते. ती सर्व्हिस सेंटरला परत द्या, त्यांच्याकडे ती सुरक्षितपणे निकामी करायची पद्धत असते. आणि बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि बेल्टचा पार्ट नंबर गाडीच्या सर्व्हिस बुकात लिहून ठेवा. पुढचा मालक विचारेल तेव्हा दाखवायला कागद हवा.